जीम-मीम-ऐन : जमाखर्चापासून जामियापर्यंत पसरलेला एक अरबी धातू

प्रश्न असा आहे : जमा, जमात, जुम्मा, जामा मशीद, इज्तिमा, जामिया, मुजुमदार, जुमला आणि जामीन हे सगळे शब्द एकाच अरबी धातूचे का? आणि तसं असेल, तर अरबी कोशात त्याच धातूखाली ‘निश्चय करणे’, ‘समागम’, ‘मूठ’, ‘बेडी’ असे एकमेकांशी सोयरसुतक नसलेले अर्थ का दिलेले असतात?

पहिल्याचं उत्तर दोन शब्दांत देता येतं. जुमला आणि जामीन वगळा, बाकीचे सगळे जीम-मीम-ऐन (ज, म आणि घशातून काढायचा ऐन) या धातूचे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल. अरबी शिकणाऱ्याची जी सर्वांत मोठी गैरसमजूत असते, ती नेमकी तिथे दडलेली आहे. धातूचा अर्थ कळला की त्यातून निघालेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आपोआप हाती येतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. धातू दिशा दाखवतो, साचा वाट आखून देतो, पण शब्द कुठे जाऊन थांबला हे अरबांनी तो कसा वापरला यावरच ठरतं.

संस्कृत शिकलेल्यांच्या मनात धातू म्हणजे हृ, कृ, गम्. पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय, आणि झाले आहार, विहार, संहार. अरबीत ही जोडणी कडेने कमी आणि आतून जास्त होते. तीन व्यंजनं आपापल्या क्रमाने उभी राहतात आणि स्वर त्यांच्या मधल्या जागांत बसतात. या बसण्याच्या पद्धतीला ‘वज़्न’ म्हणतात. अरबी वैयाकरण ती फे-ऐन-लाम या नमुन्याच्या अक्षरांनी दाखवतात : ‘फाइल’ हा करणाऱ्याचा साचा, ‘मफऊल’ हा ज्याच्यावर क्रिया झाली त्याचा, ‘मफअल’ किंवा ‘मफइल’ हा जागेचा. व्याकरणाचं पुस्तक न उघडताही मराठी माणसाच्या कानाला हे साचे ओळखीचे आहेत. हाकिम, हासिल, गाफील हे पहिल्या साच्यातले. मंजूर, मजकूर, मशहूर, महसूल दुसऱ्यातले. मजलिस, मंजिल आणि (रूप झिजलेलं असलं तरी) मशीद तिसऱ्यातले.

आता हे साचे आपल्या धातूला लावू. ‘जमअ’ म्हणजे त्याने गोळा केलं. ‘जामिअ’ म्हणजे गोळा करणारा, ‘मजमूअ’ म्हणजे गोळा झालेलं, म्हणून बेरीज किंवा एकूण. ‘मजमअ’ म्हणजे एकत्र येण्याची जागा. कुराणाच्या अठराव्या सूरेत (अध्यायात) मूसा ज्या ठिकाणाच्या शोधात निघतो ते ‘मजमउल-बहरैन’, दोन सागर मिळतात ती जागा. दारा शुकोहने 1655 मध्ये वेदान्त आणि सूफी विचारांवर फारसीत जो ग्रंथ लिहिला त्याला हेच नाव दिलं, आणि त्याच्या संस्कृत रूपाचं नाव ‘समुद्रसंगम’ आहे. विसाव्या शतकात अरबांना भाषेची अकादमी हवी झाली तेव्हाही हाच साचा कामी आला. दमास्कसची 1919 ची आणि कैरोची 1932 ची, दोन्ही अकादम्या ‘मजमअ’च.

इथपर्यंत सारं सरळ आहे. दहाव्या शतकातला कोशकार इब्न फारिस प्रत्येक धातूचा मूळ अर्थ एक की अनेक याचा निवाडा देतो. काही धातूंना तो दोन, तीन, पाच मुळं असल्याचं बिनदिक्कत सांगून टाकतो. जीम-मीम-ऐनबद्दल मात्र तो म्हणतो की हे एकच मूळ असून वस्तू एकमेकींना येऊन मिळणं एवढंच ते दाखवतं. निवाडा बरोबर आहे. पण त्याच्या भरवशावर ‘अज्मअ’चा अर्थ लावायला बसलात तर फसाल.

‘अज्मअ’ हे क्रियापदाचं चौथं रूप. अभ्यासक क्रियापदाची रूपं एक ते दहा अशा आकड्यांनी ओळखतात आणि चौथं रूप पुष्कळदा प्रयोजक असतं : ‘करणे’ऐवजी ‘करवणे’. म्हणजे ‘अज्मअ’चा अर्थ ‘गोळा करवलं’ असा व्हायला हवा. प्रत्यक्षात त्याचा मुख्य अर्थ आहे ‘निश्चय केला’. कुराणाच्या बाराव्या सूरेत यूसुफचे भाऊ त्याला विहिरीच्या तळाशी टाकायचं ठरवतात, तिथे हेच क्रियापद येतं. रोज्याविषयीची एक प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांचं परंपरेने आलेलं वचन, सांगते की पहाटेपूर्वी ज्याने रोज्याचा ‘इज्माअ’ केला नाही त्याचा रोजा नाही. तिथे गोळा करायला काहीच नाही, मनाचा निश्चय तेवढा आहे. जुने कोशकार याची फोड अशी करतात की विखुरलेले विचार एका ठिकाणी आणणं म्हणजे निश्चय. फोड पटण्यासारखी आहे, पण ती शब्दाचा अर्थ ठाऊक झाल्यावर सुचलेली आहे. अर्थ ठाऊक नसताना केवळ धातूवरून ती कुणाला सुचली असती असं मला वाटत नाही.

पहिल्या आणि चौथ्या रूपांतला हा फरक भाष्यकारांनी किती गंभीरपणे घेतला ते दोन आयतींवरून दिसतं. दहाव्या सूरेच्या 71 व्या आयतीत नूह आपल्या लोकांना सांगतो, ‘तुमचं काम आणि तुमचे भागीदार यांचा अज्मिऊ करा.’ कामाचा निश्चय करता येतो, भागीदारांचा कसा करणार? म्हणून वैयाकरणांनी मध्ये एक अध्याहृत क्रियापद मानलं : कामाचा निश्चय करा आणि भागीदारांना बोलवा. दुसरी जागा विसाव्या सूरेच्या 64 व्या आयतीत आहे. फिरऔनचे (इजिप्तच्या राजाचे) जादूगार एकमेकांना म्हणतात, ‘आपला डाव अज्मिऊ.’ बहुतेक कारी, म्हणजे कुराणाचे पाठक, इथे चौथं रूप वाचतात, म्हणजे डाव पक्का करा. बसऱ्याच्या अबू अम्रचा पाठ मात्र पहिल्या रूपाचा आहे, म्हणजे तुमच्याजवळचे सगळे डाव गोळा करा. लिहिलेली व्यंजनं दोन्ही पाठांत तीच. आरंभीच्या अलिफाचा उच्चार कसा करायचा आणि मीमवर कोणता स्वर घ्यायचा एवढ्यावर अर्थ पालटतो. धातू आणि साचा यांचं नातं याहून कमी जागेत दाखवणारं उदाहरण मला ठाऊक नाही, आणि वर्गात मी ते दरवेळी फळ्यावर लिहितो.

या ‘निश्चय’ अर्थापासूनच पुढे फिक्हमधला, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रातला, ‘इज्माअ’ उभा राहिला. विद्वानांचं एकमत हे सुन्नी परंपरेत कुराण, सुन्ना (पैगंबरांचा आचार) आणि कियास (साम्यावरून काढलेला निष्कर्ष) यांच्या बरोबरीने विधीचं एक उगमस्थान मानलं जातं. एकट्याचा निश्चय आणि सर्वांनी मिळून केलेला निश्चय यांच्यात ‘एकत्र येणे’ हा धातूचा अर्थ परत डोकं वर काढतो. अर्थ धातूपासून दूर गेला, आणि वळसा घालून जवळ आला.

तिसऱ्या रूपाची गंमत वेगळी. ‘जामअ’ म्हणजे दुसऱ्याबरोबर मिळून काही करणं, या रूपाचा स्वभावच परस्परांचा. कुणाशी एखाद्या बाबतीत सहमत होणं असाही त्याचा उपयोग आहे. पण त्याचं नाम ‘जिमाअ’ हे स्त्रीपुरुषांच्या समागमासाठी सभ्य, आडवळणाचा शब्द म्हणून वापरात आलं आणि तिथेच घट्ट बसलं. फिक्हच्या ग्रंथांत तो पारिभाषिक शब्द आहे. आता गोची पाहा. ‘जिमाअ’ याच उच्चाराचा दुसरा शब्द जुन्या अरबीत ‘ज्यात सगळं सामावतं ते’ अशा अर्थी आहे. ‘दारू म्हणजे पापांचा जिमाअ’ हे प्रसिद्ध वचन त्याच अर्थाचं : सगळी पापं जिच्यात एकवटली आहेत ती दारू. मोठ्या हंड्यालाही ‘किद्र जिमाअ’ म्हणत. आजचा अरब वाचक या जागी क्षणभर अडखळतो, आणि कोश उघडून नवशिक्याने केलेला अनुवाद तर हमखास घसरतो.

मूठ आणि बेडी यांचं कोडं तेवढं अवघड नाही. ‘जुम्अ’ म्हणजे बोटं एकत्र आवळलेला हात, म्हणून मूठ. ‘जामिआ’ हा शब्द आज विद्यापीठासाठी आहे. जुन्या अरबीत मात्र कैद्याचे हात मानेशी एकत्र जखडणारी बेडी म्हणजे ‘जामिआ’. विद्यार्थ्यांना हा योगायोग सांगितला की वर्गात हशा ठरलेला. बाळ पोटात असतानाच मेलेल्या बाईविषयी ‘मातत बि-जुम्अ’ म्हणत, म्हणजे पोटी जे एकत्र होतं त्यासह ती गेली. हदीसमध्ये तिला शहीदांत धरलं आहे. ‘जमआ’ ही सर्व अवयव धड असलेली, अव्यंग जनावराची मादी. प्रत्येक मूल निसर्गशुद्ध जन्मतं, जसं जनावर अव्यंग पिल्लाला जन्म देतं, या हदीसमध्ये हा शब्द आहे. इथे ‘एकत्र’ म्हणजे ‘काही उणं नसलेलं’. ‘रजुलुन मुज्तमिअ’ म्हणजे भर वयात आलेला, अंगाने पुरता भरलेला पुरुष. दहाव्या रूपातला ‘इस्तज्मअ’ घोड्यासाठी वापरत, सगळी ताकद एकवटून तो धावला की. ओढ्यांचं पाणी चहूकडून मिळून पूर आला तरी हेच क्रियापद. वाळवंटातल्या माणसाने रोजच्या पाहण्यातून हा धातू कसा वापरला ते अशा शब्दांत दिसतं, नंतरच्या पारिभाषिक शब्दांत ते दिसत नाही.

व्याकरणाने स्वतःही हा धातू घेतला : ‘जमअ’ म्हणजे अनेकवचन. अरबीत द्विवचन वेगळं असल्यामुळे जमअ तीनपासून पुढे. एकवचनाची मोडतोड न करता प्रत्यय लावून झालेला तो ‘जमअ सालिम’, आणि शब्द आतून फोडून केलेला तो ‘जमअ तक्सीर’, म्हणजे मोडकं अनेकवचन. मराठीने अशी मोडकी अनेकवचनं एकवचन समजून कितीतरी घेतली आहेत. अहवाल हे ‘हाल’चं अनेकवचन, उमराव ‘अमीर’चं, अफवा हे ‘तोंड’ या अर्थाच्या शब्दाचं. या शेवटच्यावर जास्त बोलायची गरज नाही.

आठव्या रूपाकडे वळू. या रूपात पहिल्या व्यंजनानंतर एक ‘त’ येतो : इज्तमअ, इज्तिमाअ. हा ‘त’ धातूचा नाही. कोशात जीम-ते-मीम शोधत बसलेले विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. याच साच्याचे इख्तियार, इंतिजाम, इतबार हे शब्द आपल्याकडे आले आहेत. ‘इज्तिमाअ’ म्हणजे स्वतः होऊन एकत्र येणं, म्हणून सभा, बैठक. आपल्याकडे वर्तमानपत्रांत तबलिगी मेळाव्यासाठी ‘इज्तिमा’ छापून येतं ते हेच. ज्योतिषशास्त्रात इज्तिमाअ म्हणजे चंद्रसूर्याची युती, अर्थात अमावास्या. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने माणसाचं एकमेकांसोबत राहणं ‘अल्-इज्तिमाअ अल्-इन्सानी’ या शब्दांत मांडलं, आणि आधुनिक अरबीने समाजशास्त्राला ‘इल्मुल-इज्तिमाअ’ म्हटलं. समाज म्हणजे ‘मुज्तमअ’. सोशल मीडियाच्या अरबी नावातही ‘इज्तिमाई’ आहे.

आता शुक्रवार. इस्लामपूर्व अरब या वाराला ‘अरूबा’ म्हणत. सामूहिक नमाजामुळे तो ‘जुमुआ’ झाला. कुराणाची 62 वी सूरा याच नावाची आहे. मधल्या व्यंजनावर ‘उ’ घ्यायचा, ‘अ’ घ्यायचा की काहीच नाही, याचे तिन्ही उच्चार कोशांत नोंदलेले आहेत. आपला जुम्मा त्यातलाच. ‘जुम्मेरात’ म्हणजे गुरुवार, हे अनेकांना उलटं वाटतं. कारण इतकंच की हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे शुक्रवारची रात्र शुक्रवारच्या आधी येते. दुसऱ्या रूपातल्या ‘जम्मअ’चे दोन अर्थ आहेत : भरपूर गोळा करणं आणि शुक्रवारच्या नमाजाला हजर राहणं. कुराणाच्या 104 व्या सूरेत धन साठवून मोजत बसणाऱ्याची निंदा आहे. तिथे काही कारी साधं ‘जमअ’ वाचतात आणि इब्न आमिर, हमजा, किसाई हे ‘जम्मअ’. दुहेरी मकाराने साठवण्याचा हव्यास वाढतो, एवढाच फरक.

मशिदीचं नाव आपल्याकडे दोन प्रकारे ऐकू येतं. ‘जामा मशीद’मधला जामा हा ‘जामिअ’, म्हणजे सर्वांना एकत्र आणणारी मुख्य मशीद. ‘जुम्मा मशीद’मध्ये वाराचं नाव आहे. दोन्ही बरोबर, धातू एकच, साचे वेगळे. अंगात घालायच्या जाम्याशी मात्र याचा संबंध नाही, तो फारसी शब्द आहे. ‘जामिअ’ला स्त्रीलिंगी शेवट लावून आजची ‘जामिआ’ झाली : कैरोचं विद्यापीठ, अरब राष्ट्रांचा 1945 मध्ये स्थापन झालेला संघ (त्याच्या अरबी नावातही जामिआच आहे), आणि 1920 मध्ये अलीगढला सुरू होऊन पाच वर्षांनी दिल्लीला हललेली जामिया मिल्लिया.

याच कुळातला ‘जमइय्या’ म्हणजे संस्था, मंडळ. कुवेतमध्ये नोकरीला असलेल्या रत्नागिरी-रायगडच्या माणसाला हा शब्द वेगळाच ठाऊक असतो : वसाहतीतलं सहकारी भांडार. तिथल्या बोलीत ‘ज’चा पुष्कळदा ‘य’ होतो, म्हणून तो ‘यमइय्या’ असाही कानावर पडतो. इजिप्तमध्ये ‘ज’चा ‘ग’ होतो, आणि तिथली ‘गमइय्या’ म्हणजे चक्क आपली भिशी : दरमहा सगळ्यांनी पैसे घालायचे आणि पाळीपाळीने एकाने उचलायचे.

मराठीत हा धातू आला तो थेट अरबीतून नाही, फारसी दप्तरातून. म्हणून क्रियापदं आली नाहीत, फक्त नामं आली. आणि येताना शेवटचा ‘ऐन’ गळाला. घशातून काढायचा हा वर्ण मराठी तोंडाला परका, तेव्हा त्याच्या जागी दीर्घ ‘आ’ बसला. जमअचं जमा झालं ते असं. हा नियम एका शब्दापुरता नाही : नफअचा नफा, तमअची तमा, मनअचं मना. ज्यांना मोडी कागदांतले फारसी-अरबी शब्द ओळखायचे आहेत त्यांनी ही खूण लक्षात ठेवावी. शेवटचा ‘आ’ दिसला की मागे ऐन होता का हे तपासायचं.

मोगली हिशेबात ‘जमा’ म्हणजे हातात आलेला पैसा नव्हे. परगण्यावर आकारलेला, येणं धरलेला सारा म्हणजे जमा, आणि प्रत्यक्ष वसुली म्हणजे ‘हासिल’. जुन्या कागदात जमेचा आकडा पाहून ‘इतकं उत्पन्न होतं’ असं लिहिणारे अभ्यासक इथेच चुकतात. ‘जमाबंदी’मध्ये तो आकारणीचा अर्थ अजून टिकून आहे. पुण्यात जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे कुणी पैसे भरायला जात नाही. जमाखर्चात मात्र जमा म्हणजे आलेली रक्कम झाली, आणि रोजच्या मराठीने तोच अर्थ उचलला.

मराठीने पुढे जे केलं ते अरबीत आणि फारसीत कुठे नाही. खतावणीच्या डाव्या-उजव्या बाजूंतून ‘जमेची बाजू’ निघाली, ‘जमेस धरणे’ निघालं. जप्त झालेलं ‘सरकारजमा’, कालबाह्य झालेलं ‘इतिहासजमा’. आणि ‘-त जमा’ हा प्रयोग तर अस्सल मराठी : काम झाल्यात जमा आहे, तो असून नसल्यात जमा, पेशंट वाचल्यात जमा. एखादी गोष्ट अजून घडलेली नाही, पण ती घडलेल्यांच्या खात्यात आजच मांडून टाकायची, हा कारकुनी आत्मविश्वास दुसऱ्या भाषेत आणायला मला तरी जमलेलं नाही. कोशांत याला ‘जमा’च्या नोंदीखाली ओळ-दीड ओळ मिळते. माझ्या मते तो स्वतंत्र नोंदीच्या लायकीचा आहे.

मुजुमदाराचं मूळ ‘मजमूअ-दार’, म्हणजे एकूण हिशेब सांभाळणारा. अरबी मफऊल साच्याला फारसी ‘दार’ जोडला. मराठी उच्चारात पुढच्या उकाराने मागच्या अकाराला ओढलं आणि मजमूचं मुजुम झालं. गुजरातीत ‘मजमुदार’ राहिलं, बंगालीत ‘मजुमदार’. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 मध्ये, पदांना संस्कृत नावं दिली गेली तेव्हा मुजुमदाराचा ‘अमात्य’ झाला, जसा सुरनिसाचा ‘सचिव’ आणि डबिराचा ‘सुमंत’. अमात्य पदनाम म्हणून राहिलं, आणि आडनाव म्हणून मुजुमदारही टिकलं.

‘जमात’ने तर अरबीतलं घर पार सोडलं. अरबीत ‘जमाआ’ म्हणजे गट, विशेषतः एका इमामामागे उभा राहिलेला गट. सन 661 मध्ये हसन यांनी मुआवियांसाठी खिलाफत सोडली आणि मुस्लिम एका नेत्याखाली आले, त्या वर्षाला ‘आमुल-जमाआ’ म्हणतात. कोकणातल्या मुस्लिम गावांत जमात म्हणजे मोहल्ल्याचा कारभार पाहणारी मंडळी, हा अर्थ मुळाजवळचा. खोजांचा जमातखानाही तसाच. पण मराठीत साधूंचीही जमात असते, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या कुंभात आखाड्यांच्या जमाती उतरतात. आणि घटनेच्या मराठी पाठात ‘अनुसूचित जमाती’ आहेत. अरबीत टोळीला ‘कबीला’ म्हणतात, ‘जमाआ’ कधीच नाही. उलट मराठीत ‘कबिला’ म्हणजे बायकामुलं. दोन अरबी शब्दांनी इकडे येऊन आपापल्या खुर्च्या बदलल्या.

‘जमियत’ मराठी कागदांत फौजेची तुकडी म्हणून येते, सरदार आपल्या जमियतेनिशी दाखल होतो. ‘जमातदार’ म्हणजे अरब किंवा पठाण शिपायांच्या टोळीचा नाईक. ‘जमादार’चीही व्युत्पत्ती साधारण याच बाजूने लावतात.

आता तोतये. ‘जुमला’ म्हणजे एकूण, आणि अर्थ जवळचा म्हणून फसगत होते. पण त्याचा धातू जीम-मीम-लाम, त्यात ऐन नाही. शिवकाळातला जुमलेदार आणि जमीनजुमल्यातला जुमला याच धातूचे. जमीन स्वतः फारसी. जामीन अरबी खरा, पण त्याचा धातू ज़ाद-मीम-नून, म्हणजे हमी घेणं. अरबीतले चार-पाच वेगळे वर्ण मराठीत येऊन एकाच ‘ज’वर उतरतात, म्हणून हे सारे भाऊ वाटतात. जिम्मा याचा आरंभ ज़ालने होतो, आणि ‘जुम्मेदार’ असा उच्चार कानी आला तरी शुक्रवारशी त्याचं काही नाही. जामदारखान्यातला जामदार जामा म्हणजे वस्त्र या फारसी शब्दाचा. ‘जमणे’ हे क्रियापदही मी या यादीत घेत नाही. दही जमतं त्या जमण्याला संस्कृत ‘यम्’कडची वाट आहे, आणि ‘ठरणे’वरून ठराव तसा ‘जमणे’वरून जमाव होतो. म्हणजे जमावबंदीतला जमाव आणि जमाबंदीतली जमा शेजारी दिसल्या तरी त्या एका घरातल्या आहेत असं धरून चालू नये.

राहिला कोशाचा प्रश्न. आधुनिक कोशांत आणि लेनच्या एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या अरबी-इंग्रजी कोशात धातू पहिल्या अक्षराने लावलेले असतात, तेव्हा जीमखाली पाहा. पण इब्न मंज़ूरचा लिसानुल-अरब मूळ मांडणीच्या छपाईत उघडलात तर तिथे धातू शेवटच्या अक्षराने लागतात. आपला धातू ऐनच्या प्रकरणात, जीमच्या पोटविभागात सापडेल. यमक शोधणाऱ्या कवींची त्यात सोय होती. आठव्या शतकातल्या अल्-खलीलच्या किताबुल-ऐनची तऱ्हा आणखी निराळी. त्याने वर्ण घशापासून ओठांकडे मांडले, आपली वर्णमाला कंठ्यांपासून सुरू होते तशी, आणि तीन व्यंजनांची होतील तेवढी सगळी उलटापालट एका जागी दिली. त्यामुळे जीम-मीम-ऐनच्या शेजारी तिथे ऐन-जीम-मीम भेटतो : त्यातून ‘अजम’, म्हणजे अरब नसलेले, मुख्यतः इराणी, आणि ‘मुअजम’, म्हणजे कोश. नवशिक्याने खलीलपासून सुरुवात करू नये. आधी लेन, मग लिसान, आणि कुराणातल्या शब्दांपुरतं राग़िब अल्-इस्फहानीचं मुफ्रदात. कोणताही कोश उघडला तरी आधी रूपाचा क्रमांक ठरवा, नंतर अर्थ वाचा. उलट क्रमाने वाचणाऱ्याला ‘जिमाअ’ समोर आला की हंडा दिसायचा तिथे भलतंच दिसतं.